दगूबाईचं सांगणं

"जिजी, तू गहू धुई ऱ्हायनी?"

कमलीबाई दारातच थिजली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. अंगणात दगूबाई पाटावर बसून परातीतले गहू हातानं खालवर करत होती. उद्याचा रविवार कानबाईचा, श्रावणात घरोघर बसणाऱ्या देवीचा. कानबाईच्या रोटाचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मापानं घ्यायचे, धुवायचे, वाळवायचे, दळायचे. आणि गेल्या चाळीस वर्षांत या गव्हाला दगूबाईनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"मंग काय तुन्हं तोंड धुवू?" ती वर न बघताच म्हणाली. "सकाय कानबाई शे, ठाव नही का तुले?"

"सुतकमा?"

दगूबाईचा हात पाण्यात थांबला.

"पार्वतीबाई गयी ना वं पहाटले," कमलीबाई आवाज खाली आणून म्हणाली. "तुन्ही सख्खी देरानी. बठ्ठा भाऊबंद पुरुषोत्तमनगरले निघना. चौकमा गाडी उभी शे. मी म्हनं, तुले इचारी येवू..." तिची नजर गव्हावरून हलत नव्हती. "सात वाजताच मोबाईलवर सांगणं उनं. तुले नही उनं?"

भाऊबंदात कुणी गेलं की त्या वर्षी कानबाई बसत नाही, हे रनाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुतकात रोटाचे गहू धुणारी बाई एक तर वेडी, नाही तर वैरीण. पण जुनी माणसं असंही सांगतात, की सुतक लागतं ते कानावर पडल्यापासून. ज्यानं ऐकलंच नाही त्याला दोष नाही. म्हणजे दगूबाईनं नुसतं "नही उनं", नाही आलं, एवढं म्हटलं असतं, तरी ती मोकळी होती. दोन शब्द. कमलीबाईही तेच दोन शब्द ऐकायला थांबली होती.

दगूबाईनं हात झटकले, पदराला पुसले.

"उनं," ती म्हणाली.

कमलीबाईचा चेहरा पडला. चांगल्या शेजारणीचा पडावा तसा.

हे असं का, ते कळायला दगूबाई माहीत हवी. तिच्या सासरच्या भाऊबंदांची एकशे बारा घरं. काही रनाळ्यात, बाकीची नंदुरबार, शहादा, सुरत अशी पांगलेली. या घरांत कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, ते दगूबाईच्या तोंडून जायचं. तिला कुणी नेमलं नव्हतं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली, तीही बकऱ्या चारून उरलेल्या वेळात. पण तिची एक रीत होती आणि ती तिनं कुणाकडून शिकलेली नव्हती. जेवणाऱ्या माणसाला हात धुईपर्यंत वाईट सांगायचं नाही. पोटुशीला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग तोंड उघडायचं. दाराला कुलूप असलं तर शेजारी सांगून ठेवायचं आणि संध्याकाळी पुन्हा फेरी मारायची. आणि समोरच्यानं 'हाऊ', म्हणजे हो, म्हटल्याशिवाय उंबऱ्यावरून हलायचं नाही.

"आपण सांगं म्हंजे सांगं नही व्हत," ती म्हणायची. "त्यानी हाऊ म्हनाले जोयजे."

अशी बाई "मला कुणी सांगितलं नाही" असं शेजारणीपुढे कशी म्हणेल? त्यापेक्षा वैरीण म्हणवून घेणं तिला सोपं वाटलं.

तिची सून चारुलता. धुळ्याची, इंजिनिअर. मुलगा ललित सुरतेला कापडाच्या मशिनी दुरुस्त करायचा, पंधरा दिवसांनी यायचा. सून मात्र घरीच असे आणि पुण्याच्या कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून करे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष दगूबाईनं गप्प बसून काढलं. मग एका दुपारी भेंडी चिरताना तिनं विचारलं, "तू करस तरी काय वं दिनभर?"

"सांगणं धाडते, आई. तुमच्यासारखंच." चारुलता हसली. "वेबसाइटचे आतून पुष्कळ तुकडे असतात. एका तुकड्यात काही घडलं की बाकीच्यांना कळायला हवं. पण तो तुकडा थेट कुणाला सांगायला जात नाही. तो एका विषयावर संदेश टाकतो. ज्यांना तो विषय हवा त्यांनी आधीच नाव लावून ठेवलेलं असतं, त्यांना तो मिळतो. सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत."

"टाकणाऱ्याले ठाव नही, कोन आयकस ते?"

"नाही. तेच तर चांगलं. ऐकणारे वाढले, कमी झाले, तरी सांगणाऱ्याच्या कोडला हात लावावा लागत नाही."

"आन कोनीच आयकत नसी तं?"

"तर तो संदेश वाया गेला."

"मंग ते सांगणं नही," दगूबाईनं भेंडीचं देठ उडवत निकाल दिला. "वावरमा उभं ऱ्हाईसन आरोळी ठोकानं शे ते."

पुढं भाऊबंद मंडळानं चारुलतेलाच गळ घातली, की आपल्या एकशे बारा घरांसाठी असं काहीतरी कर. दगूबाईचे गुडघे आता चालत नाहीत. ती बैठक दगूबाईच्याच ओट्यावर झाली. गुडघ्यांचं नाव निघालं तेव्हा ती उठून आत गेली आणि चहा मात्र सगळ्यांना बिनसाखरेचा आला.

चारुलतेनं प्रत्येक घराचा एक विषय केला. त्या घरात काही झालं की त्या घरानं आपल्या विषयावर लिहायचं. नाव लावलेल्या सगळ्यांच्या फोनवर ते जाणार. सुरुवातीला सगळ्यांचं नाव सगळ्या घरांना लावलेलं. महिनाभर कौतुक चाललं. मग नवलभाऊचं प्रकरण झालं. नवल मळ्यात राहायचा, तिथं रेंज नाही. त्याचे काका गेले तेव्हाचा संदेश आला आणि विरला. नवलला कळलं तिसऱ्या दिवशी, दाढी करायला बसला असताना. तो साबण लावलेल्या तोंडानं दगूबाईच्या दारात येऊन रडला.

त्या दिवशी दगूबाई वरच्या खोलीत गेली. तसं ती कधी जात नसे.

"दारले कुलूप दिसनं म्हनीसन सांगणं फेकी देवाव का?" तिनं जिन्यातूनच विचारलं. "मी चाळीस वरीस कोनं सांगणं फेकेल नही. मानूस घर नही तं सांगणं दारजोडे बसाडी ठेव. तो ई, हाऊ म्हनी, मंगच ते उठी."

चारुलता वाद घालायला वळली होती. ती पुन्हा कामाकडे वळली. दोन दिवस तिनं तेच काम केलं. आता ऐकणाऱ्या प्रत्येकाची आपापली रांग झाली. संदेश त्या रांगेत थांबायचा, आणि माणसानं 'मिळालं' हे बटण दाबल्यावरच तिथून हलायचा. पहिल्या आठवड्यात दोधूभाऊनं बटण दाबलं नाही, तर त्याला एकाच लग्नाचं बोलावणं चार वेळा आलं. "एकच पोरनं लगीन शे का चार?" म्हणून तो भांडायला आला. मग चारुलतेनं प्रत्येक संदेशाला आकडा दिला, म्हणजे तोच पुन्हा आला तरी फोन दाखवणार नाही. दगूबाईला त्यातलं फारसं कळलं नाही. पण 'मिळालं' म्हणजे आपलं 'हाऊ', एवढं तिला कळलं, आणि त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगू लागली, "हाई मीच सांगेल शे तिले."

यानंतरच तिनं सुनेला ते दुसरं काम सांगितलं.

"पुरुषोत्तमनगरनं ते घर बंद कर. मन्हा मोबाईलवर तिन्हं काही येवाले नको."

"आई, त्या घराचं चांगलं-वाईट काहीच येणार नाही मग."

"नको येवू दे."

पार्वतीबाई. धाकट्या दिराची बायको. दोघी एकाच वर्षी या घरात आल्या, एकाच जात्यावर दळलं. दीर साखर कारखान्यात लागला, पुरुषोत्तमनगरला क्वार्टर मिळालं, तरी कानबाईला सगळे रनाळ्यालाच यायचे. मग अकरा वर्षांपूर्वी पार्वतीबाईनं तिकडेच वेगळी कानबाई बसवली. बसवली याचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. पण दगूबाईला ते कळलं नंदुरबारच्या भाजीबाजारात, मेथीची जुडी हातात असताना, तिसऱ्याच बाईकडून. साऱ्या भाऊबंदाला सांगणाऱ्या बाईला तिच्याच देराणीनं सांगितलं नाही. तिनं जुडी तिथंच ठेवली आणि त्या दिवसापासून त्या घराचं नाव या घरात निघालं नाही.

"मी गाडीवर थांबस," कमलीबाई अंगणातून म्हणाली आणि मागं न बघता गेली.

दगूबाई जिन्याखाली उभी राहिली. "चारू!"

चारुलता कानातला इअरफोन काढत खाली आली. सकाळी सहापासून ती कंपनीचं नवं कोड चढवत होती. फोन उशीखाली होता. सासूचा चेहरा पाहून तिनं तो आणला, उघडला, आणि पायरीवर बसली.

"ललितचे चार कॉल आहेत. आई, काकू..."

"ठाव शे. मले हाई सांग, मन्हा मोबाईलवर का नही उनं?"

"तुम्हीच ते घर बंद करायला लावलं होतं."

चारुलतेनं सासूचा फोन घेतला, कुठं कुठं बोट फिरवलं.

"मी नाव काढलं नव्हतं, आई," ती हळू म्हणाली. "नाव काढलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. तुम्ही म्हणाला होतात, कुलूप दिसलं म्हणून सांगणं फेकायचं नाही. माझा हात धजला नाही. मी नुसतं दार लावलं. सांगणं बाहेर रांगेत बसलंय."

"कितलं?"

"सतरा."

दगूबाईनं परात उचलली. निथळलेले गहू तिनं गोठ्यात नेऊन गायीपुढे ओतले, परात पालथी घातली, आणि नऊवारीचा पदर खोचत म्हणाली, "चाल."

गाडीत सहा बायका होत्या. पुरुष मोटारसायकलींवर पुढं गेलेले. दगूबाई चढली तशी बोलणी बंद पडली. कमलीबाईनं सरकून जागा दिली, पण जरा जास्तच सरकली. गहू धुतल्याचं गाडीत आधीच सांगून झालं होतं, हे दगूबाईला तिच्या सरकण्यावरूनच कळलं.

नंदुरबार मागं पडलं. दगूबाई समोर बघत म्हणाली, "वाच."

"इथं?" चारुलतेनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं.

"आठेच. पहिलं पहिले. जसं उनं तसं."

चारुलतेनं घसा साफ केला. तारखा बघून ती वाचू लागली. पहिला संदेश गेल्या वर्षीच्या आषाढातला. "आम्हना घर नातीन उनी. नाक आज्यावर गयं."

"पुढं."

"लिंबूना झाडले यंदा भलता लिंबू लागेल शेतस. ज्याले लोनचं घालनं व्हई त्यानी लई जावा."

"पुढं."

"उडीदना पापडनी लाटणी सापडनी. दांडीले तीन खाचा शेत. जिन्ही शे तिनी लई जावी."

कमलीबाईची मान झटकन वळली. तीन खाचांची लाटणी भाऊबंदात कुणाची, हे तिथल्या साऱ्या बायकांना माहीत होतं. पापडाच्या दिवसांत सगळ्या लाटण्या एकत्र व्हायच्या, म्हणून जिची तिनं खूण करायची. तीन खाचा दगूबाईच्या. आणि दुसरीही एक गोष्ट कमलीबाईला त्याच क्षणी कळली: ही बाई हे सारं आज, आत्ता, पहिल्यांदा ऐकते आहे. सकाळचं "उनं" खोटं होतं.

तिनं मान खिडकीकडे वळवली, आणि मघा सरकली होती तेवढी परत अलीकडे सरकली.

संदेश साधेच होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं. नातीचं नाव रुचिका ठेवलं. कारखान्याचा भोंगा बंद असला की कानात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. एकशे बारा घरांना हे वाचून काय करायचं होतं? दोधूभाऊनं म्हणे एकदा कुरकुर केली होती, की पार्वतीबाई लिंबं मोजून कळवते. कुणाचं नाव न घेता ती लिहीत होती, आणि बाकीचे, चारुलतासुद्धा, न वाचताच 'मिळालं' दाबून मोकळे होत होते.

प्रकाशा गावचा पूल आला. तापी दोन्ही काठ भरून, गढूळ, संथ चालली होती. चारुलतेनं पुढचा संदेश आधी मनातच वाचला.

"वाच ना."

"हे... हे जरा मोठं आहे." ती वाचू लागली. "त्या साले कानबाई आठे बसाडनी. भूपेंद्रले कावीळ व्हयेल व्हती, नवस बोलेल व्हतू. सांगाले मी सोता रनाळे येल व्हतू. दारले कुलूप व्हतं. कोठे कोनाले तरी सांगाले गयेल व्हती ती. मी ओटावर तासभर बसनू आन परत फिरनू. शेजारले सांगीसन जावाले जोयजे व्हतं. ते मी करं नही. मंग लाज वाटनी. मंग राग उना. मंग अकरा वरीस."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

दगूबाई नदीकडे बघत होती. ती त्या दिवशी कुठं गेली होती, ते तिला नेमकं आठवलं. चौपाळे गावाला. सुकलालच्या मुलीला मुलगा झाल्याचं सांगायला. तिथं तिला शिरा खाऊ घातला होता.

"शेजारले सांगाव नही का, येडी," ती पुटपुटली.

त्याच्यापुढचा संदेश परवाचा. "तब्येत बरी नही. कोनी येवावंच असं नही." आणि सतरावा आज सकाळी सातचा, तिच्या मुलानं, भूपेंद्रनं, शाळेतल्या मराठीत लिहिलेला: आईचे पहाटे पाच वाजता निधन झाले, अंत्ययात्रा अकरा वाजता राहत्या घरून.

"आई, प्रत्येकाखाली 'मिळालं' दाबायचंय," चारुलता म्हणाली.

"आते नही. आते तिन्हं तोंड दखू दे."

अकरा वाजून गेले होते. कारखान्याची चिमणी श्रावणात थंड असते. क्वार्टरच्या ओळींत नुसता माणसांचा आवाज होता. तिरडी बांधून तयार होती, पण उचललेली नव्हती. दगूबाईला बघून गर्दी फाटली. "उनी, उनी," असं कुणी म्हणालं. कुणी दुसरंच काही म्हणालं. गव्हाची बातमी मोटारसायकलवरून आधीच पोचली असावी.

भूपेंद्र पुढं आला. चाळिशीचा माणूस, पण तिला बघताच त्याचे ओठ पोरासारखे वाकडे झाले.

"मोठी माय, बठ्ठा म्हनेत उचला, ती नही येवाव. मी म्हनं, थांबा." त्यानं डोळे पुसले. "माय म्हने, जिजीले बठ्ठं पोचस. बोलत नही, पन आयकस. मी तिले कितल्या येळा सांगं, माय, धाडणाऱ्याले समजत नही कोन आयकस ते. तं म्हने, मले समजस. ती सांगे, मीच लिखी देऊ तिले. लिंबू बी, लाटणी बी." साऱ्या बायका ऐकत होत्या. "पोचे ना वं तुले?"

चारुलतेनं मान खाली घातली.

"हाऊ," दगूबाई म्हणाली. नेहमीच्या आवाजात, साऱ्यांना ऐकू जाईल असं. "बठ्ठं पोचनं."

मागून कमलीबाईचा आवाज आला. "आयकेल शे तिनी. मन्हासमोर आयकेल शे." आणि गर्दीकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "काय देखतस? जागा द्या तिले बसाले."

दगूबाई उशाशी बसली. बाकीच्या बायकांनी हंबरडा फोडला, तिनं नाही. तिनं तांब्यातलं पाणी घेतलं, अंगठ्यावरून थेंब थेंब पार्वतीबाईच्या ओठांत सोडलं, कपाळावरचा केस मागं सारला. मग वाकून कानाशी काहीतरी म्हणाली. एकच शब्द असावा.

पुरुष तिरडी घेऊन गेले. रस्ता रिकामा झाला. बायका अंघोळीच्या पाण्याची वाट बघत भिंतीला टेकल्या. ओट्याजवळ लिंबाचं झाड होतं, पिवळं झालेलं, आणि खाली पुष्कळ लिंबं तशीच पडलेली. आतून भूपेंद्रच्या बायकोनं काही न बोलता एक लाटणी आणून दगूबाईच्या मांडीवर ठेवली.

"दे तो मोबाईल," दगूबाई सुनेला म्हणाली.

चारुलतेनं पहिला संदेश काढून दिला. दगूबाईनं अंगठा टेकवला. अंगठा ओला होता. काचेनं घेतला नाही. तिनं तो पदराला पुसला आणि पुन्हा टेकवला. नातीचा संदेश गेला. लिंबाचा गेला. लाटणीचा. ती घाई करत नव्हती; प्रत्येकापाशी थोडं थांबत होती, उंबऱ्यावर थांबावं तशी. सतरावा गेल्यावर पाटी कोरी झाली.

"झालं, आई," चारुलता म्हणाली.

दगूबाईनं ऐकलं. पण अंगठा तिनं उचलला नाही.